भस्म्याची पुडी

लातूर
शनिवार, दुपार

प्रिय अमरेश,

आधी एक काम कर. हे पत्र घेऊन जे पाहुणे आलेत त्यांना आत बोलाव, खुर्चीवर कपड्यांचा ढीग असेलच, तो उचल आणि त्यांना बसायला दे. माठातलं पाणी दे. उन्हातून आलेत, तोंडाला रुमाल बांधलेला असेल, तो राहू दे. ते बोलणार नाहीत, मीच तसं सांगितलंय. पत्र मात्र त्यांच्यासमोर बसून वाचायचं आणि शेवटपर्यंत वाचायचं. फोनवर तू "बरंय, ठेवतो" एवढंच बोलतोस, आणि समोर आलास की मी रडते आणि तू चिडतोस. म्हणून आज दुकान पारूबाईच्या भरवशावर सोडून मागच्या खोलीत लिहीत बसलेय. म्हणजे आज कापूर उदबत्तीच्या भावात जाणार. जाऊ दे.

दुकानातला नारळ सोलायचा कोयता सापडत नाही. मागच्या रविवारी तू आला होतास, जेवून माझा डोळा लागला तेव्हा गल्ल्यावर बसला होतास, त्यानंतर तो कुणी पाहिला नाही. मी बिचाऱ्या पारूबाईवर संशय घेतला. आपल्या ओट्यावर फुलं विकून तिची हयात गेली, आजवर एक सुतळी इकडची तिकडे केली नाही तिनं. ती म्हणाली, "तुज्या लेकानं नेला की पेपरात गुंडाळून. मी म्हनलं, तिकडं नारळ फोडायचा असंल." नांदेडला विष्णुपुरीच्या खोलीवर मॅगी करून खाणारी पोरं तुम्ही, तिथं नारळ कोण फोडतो रे? तुझ्या अप्पांच्या स्कूटरला ज्या पिकअपनं उडवलं, ती चालवणाऱ्या माणसासाठी तू तो नेलास, हे मला सांगायला कुणी नको. वर्ष होत आलं, तू त्या माणसाचं नाव काढलं नाहीस. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. परवा अमावस्या आहे. अमावस्येचं मला कसं कळलं, म्हणशील. तुझा सिनेमा मी पाहिला.

तुझ्या फोनवर तुझा तो फोटो लागला होता ना, तोंडभर राख आणि खाली 'भस्म्या' लिहिलेलं, तो बघून तुझ्या या शहाण्या आईला काय वाटलं सांगू? पोरगं शिवभक्त झालं! मी तो फोटो सगळ्या आळीला दाखवला. अप्पा रोज मागे लागायचे तरी तू विभूती लावायचा नाहीस, आता बघा म्हटलं. आळीतली पोरं हसली, हे तर सिनेमाचं नाव म्हणाली. मग या सोमवारी दुकानात एक गोष्ट घडली, ती पुढे सांगते, आणि मला त्या सिनेमाचा शोध घ्यावासा वाटला. पारूबाईला घेतलं आणि दुपारच्या खेळाला टॉकीजमध्ये जाऊन बसले. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा.

खोटं कशाला बोलू, मला सिनेमा आवडला. गोष्ट तुला पाठ आहे, तरी माझ्या तोंडून ऐक. एका पोराच्या मास्तर बापाला वाळू उपसणारे लोक मारतात. पोरगा चितेतली राख तोंडाला फासतो, काळी घोंगडी पांघरतो आणि एकेकाला गाठायला लागतो. मारायच्या आधी राखेची पुडी पाठवतो. पुडी पोचली की येत्या अमावस्येला तो माणूस संपला. मारामारी सुरू झाली की चित्र थांबतं, मुलांच्या चित्रकथेसारखं रंगीत होतं आणि मोठ्या अक्षरांत 'धडाड' असं उमटतं. रक्तसुद्धा शाई सांडल्यासारखं दिसतं, त्यामुळे बघताना मळमळत नाही. पहिल्या माणसाच्या हातात पुडी पडते आणि त्याचा हात कापायला लागतो, तेव्हा माझ्या जिवाला किती थंड वाटलं म्हणून सांगू. वर्षभरात मी कुणाचा हात कापताना पाहिला नाही. उदगीरच्या कोर्टात वकील घड्याळ बघतो, माणसं पंख्याखालची जागा धरतात, पुढची तारीख पडते आणि मी पिशवी उचलून स्टँडवर येते. आपल्या माणसाच्या जाण्याला कुणीतरी घाबरलंय, हे मी पहिल्यांदा पाहिलं, ते पडद्यावर. त्या क्षणी तो घोंगडीवाला मला पोटच्या पोरासारखा वाटला. मी टाळ्या वाजवल्या, अमरेश. पारूबाईनं तर शिट्टी मारली. कुठं शिकलीस विचारलं तर म्हणते, फुलांच्या बाजारात शिकावंच लागतं.

तेव्हा तुझा राग मला कळत नाही, असं तेवढं म्हणू नकोस. तो माझ्यातही आहे, चांगला तापलेला आहे. पण इंटरव्हलला बाहेर येऊन शेंगा खायला बसले आणि डोकं चालायला लागलं. त्या पोराला आई नाही. भिंतीवर हार घातलेला फोटो तेवढा आहे. सोयीचंच आहे म्हणा, आई असती तर सिनेमा इंटरव्हलपर्यंत गेलाच नसता. कुठं निघालास, घोंगडीत काय आहे, दाखव बघू, असं म्हणून तिनं दारातच धरला असता. त्याला सकाळी दुकान उघडायचं नसतं, परीक्षा नसते, कुणाला तोंड दाखवायचं नसतं. आणि ती वाईट माणसं! एकाचा डोळा काचेचा, एकाच्या गालावर हा एवढा व्रण, एकाचा दात सोन्याचा, आणि सगळी उगीचच हसतात. शेवटच्या रांगेत बसलेल्याचीही चूक होऊ नये अशी व्यवस्था. तूच का तो, असं कुणी कुणाला विचारत नाही, विचारायची पाळीच येत नाही. मी मात्र कोर्टात ज्याला बघते त्याच्या शर्टाची बटणं खालीवर लागलेली असतात, पायात कुणाच्या तरी मोठ्या मापाच्या चपला. त्याला बघून मला दया येत नाही, पण सिनेमातल्यासारखं गारही वाटत नाही. नुसतं जड वाटतं. शेवटी सगळे मरतात, तुझा भस्म्या पाण्याच्या टाकीवर एकटा उभा राहतो, घोंगडी फडफडते, पोरं खुर्च्यांवर चढून नाचतात. तेव्हा पारूबाई माझ्या कानाशी लागली, "सगळे मेले की. आता ह्यो जेवणार कुठं गं?" मी मोठ्यानं हसले. रिक्षात बसल्यावर मात्र मला रडू आवरेना.

आणि ते नाव. सिनेमा काढणाऱ्यांना ते भस्मावरून सुचलं असेल. आपल्याकडे भस्म्या म्हणजे काय, विसरलास? लहानपणी तू भाकरीवर भाकरी हाणायचास तेव्हा अप्पा म्हणायचे, पोराला भस्म्या झाला की काय. कितीही खाल्लं तरी भूक जात नाही, खाल्लेलं अंगी लागत नाही, माणूस खात राहतो आणि वाळत जातो, तो रोग. माझं पोरगं मागच्या रविवारी केवढं वाळलेलं दिसत होतं. मी त्याला मेसचं जेवण समजत होते.

दुसऱ्या एका गोष्टीचा मला खरा संताप आहे. आपल्यात जाळत नाहीत. अप्पांना आपण मातीत बसवलं, तूच त्यांच्या कपाळाला शेवटची विभूती लावलीस. तुझ्याकडे राख कुठली येणार? म्हणून तू दुकानातली विभूतीची गट्टी कुटलीस. जी कपाळाला लावून तुझे वडील रोज दुकानाचं कुलूप काढायचे ती. दुसऱ्याचं भलं व्हावं म्हणून आपण ती त्याच्या हातावर ठेवतो, आणि तू ती मरणाचा सांगावा म्हणून धाडलीस. सिनेमावाल्यांना माहीत नसेल. तुला माहीत होतं.

आता सोमवारचं सांगते, पण त्याआधी तुला एक जुनी गोष्ट आठवायला लावणार आहे. तू दुसरीत होतास. देवणीच्या बाजारातून एक गृहस्थ तणतणत दुकानावर आले. त्यांचा काळा-पांढरा देवणी बैल, पोटच्या पोरासारखा जपलेला, कुणीतरी दावं सोडून बाजारातून पळवून लावला होता. कुणी सोडला, तर "तुमच्या अमरेशनं." अप्पांनी पुढचं ऐकलंच नाही. आत आले आणि अंथरुणातून उठवून तुला दोन थोबाडीत दिल्या. तू तापानं फणफणलेला होतास, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतंस, देवणी तर तू पाहिलीसुद्धा नव्हतीस. बैल सोडला होता उदगीरच्या काकांच्या अमरेशनं. आजोबांचं नाव दोघा भावांनी आपापल्या पोराला ठेवलेलं, आपल्या लोकांची रीतच ती, घराघरात एकाच नावाचे दोन-दोन. अप्पांना कळलं तेव्हा ते तुझ्या उशाशी बसून राहिले. माफी मागणं त्यांना जमायचं नाही, त्यांनी तुझ्यासाठी डाळिंब सोलून दाणे केले, वाटी भरली, आणि तू झोपलेला होतास तर वाटी धरून तसेच बसले. त्या दिवसापासून कुणी कुणाची तक्रार आणली की ते आधी एकच विचारायचे, "कोणता?" आपण थट्टा करायचो. दूधवाला उशिरा आला म्हटलं तरी तू खालच्या आवाजात म्हणायचास, कोणता?

तर सोमवारी सकाळी दुकानावर एक माणूस आला. कपाळाला विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे. मला नमस्कार करून म्हणाला, "अव्वा, परसाद पोचला बरं का." मी म्हटलं, कसला प्रसाद? त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. लातूरच्या पेपरचा तुकडा, त्रिकोणी घडीचा, दोरा नाही, शेवटचं टोक डावीकडून आत खोचलेलं. तशी पुडी लातुरात एकच माणूस बांधायचा, कारण तो डावखुरा होता. आणि ती बांधायला त्यानं एकालाच शिकवलं, गल्ल्यापाशी समोर बसवून. तू उजव्या हाताचा असून पुडी डावीकडूनच खोचतोस, याचं अप्पांना किती कौतुक होतं. तो माणूस आपला बोलतच होता. "विष्णुपुरीच्या रस्त्याला माजी रसवंती हाय न्हवं, तितं कुनीतरी ठिवून गेलतं. वासावरनंच वळखली, तुमच्या दुकानाची. रोज लावून राहिलो. तुमी याद ठिवली, लई बरं वाटलं." तू मरणाची पुडी धाडलीस, अमरेश, आणि त्यानं ती कपाळाला लावली. त्यानं तो सिनेमा पाहिलेला नाही. आपल्या माणसाला विभूती आली की ती प्रसादच असते, दुसरं काही त्याच्या डोक्यात कसं येणार?

निघता निघता त्यानं आणखी एक सांगितलं. "एक पोरगं येतं अव्वा, तोंडाला रुमाल. रस घेतं अन् पीत न्हाई, माज्याकडं बघत बघत भुईवर सांडतं. उन्हानं मळमळत असंल, म्हनून त्याच्या गिलासात लिंबू जास्त पिळून राहिलो." मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सिनेमा पाहिला, घरी येऊन कोयता शोधला.

आता नीट वाच. पोलिसांच्या कागदावर नाव मलप्पा, गाव देवणी, हे तू पाहिलंस. रक्तानं भरलेल्या शर्टातल्या माणसाचा फोटो त्या दिवशी फोनाफोनांवर फिरत होता, खाली 'हाच तो मलप्पा', तोही पाहिलास. कोर्टात तुला मीच कधी येऊ दिलं नाही, परीक्षा बुडेल म्हणून. मग नांदेडला तोच चेहरा रसवंतीवर दिसला आणि तुला वाटलं, जामिनावर सुटून आरामात रस विकतोय. देवणीच्या त्या घरात मलप्पा दोन आहेत, अमरेश. चुलतभाऊ. दोघांना आजोबांचं नाव. गाडी थोरला चालवत होता, फोनवर बोलत. अप्पांना उडवलं आणि तो मोकळ्या रानातून पळत सुटला. त्याला पोलिसांनी आठवड्यानं धरला, केस त्याच्यावर आहे. शेजारी बसलेला धाकटा मलप्पा पळाला नाही. त्याला गाडी धड येत नव्हती, तरी अप्पांना उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यापर्यंत आणलं. मलप्पानं उडवलं ही बातमी आधीच पोचली होती, दारात लोकांनी विचारलं, कोण तू? म्हणाला, मलप्पा. पुढचं कुणी ऐकलं नाही. त्याचे दोन दात पडले त्या दिवशी. तुझ्या फोनमधल्या फोटोत शर्टावरचं रक्त अप्पांचं आहे आणि हनुवटीवरचं त्याचं. त्यानंतर त्यानं गाडीचं काम सोडलं, गावही सोडलं आणि नांदेडला रसवंती टाकली; सोमवारी दुकानावर आलेला तो हाच.

मला वाटायचं तुला हे सगळं ठाऊक आहे. त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी नीट बोललोच नाही. मी 'तो' म्हणायचे, तूही 'तो' म्हणायचास. तुझा 'तो' वेगळा आणि माझा 'तो' वेगळा, हे ती पुडी बघेपर्यंत मला कळलं नाही. आणि आता तुझ्या मनात येईल, बरं झालं अव्वानं सांगितलं, आता खऱ्याकडे जातो. मला त्याचीच जास्त भीती आहे. थोरल्या मलप्पाला मी माफ केलेलं नाही, करेन असंही वाटत नाही. पुढच्या तारखेला मी पुन्हा उदगीरला जाणार, त्याच्या पुढच्या तारखेलाही जाणार, आणि तू माझ्याबरोबर चलायचंस. तिथं हात कापत नाहीत, टाळ्या पडत नाहीत, कंटाळा येतो. पण तिथं आधी विचारतात तरी, कोणता म्हणून. सिनेमातला पोरगा बापाचं नाव घेऊन मारत सुटतो, त्याच्या बापाला ते चाललं असतं का, हे कुणी विचारत नाही. तुझ्या बापाला चाललं नसतं. दोन थोबाडीत चुकीच्या पोराला दिल्या म्हणून जन्मभर स्वतःला खात राहिलेला माणूस होता तो.

काल धाकट्या मलप्पाला मी लातूरला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. पुडी कुणाची, रस सांडणारा कोण, कोयत्याचंही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, गाडीत अप्पा थोडा वेळ शुद्धीवर होते. हा घाबरून रडत होता, "अप्पा, मलप्पा पळून गेला, पन मी हाय तुमच्याजवळ, मी मलप्पा." तर अप्पांनी डोळे उघडले आणि विचारलं, "कोणता?" हा म्हणाला, धाकटा. त्यावर अप्पा हसल्यासारखे झाले. पुढं काही बोलले नाहीत. हे ऐकून मला काय झालं ते इथं लिहिता येत नाही. मी म्हटलं, बाबा, तू काही दिवस गावाला निघून जा. तर उठून उभा राहिला. म्हणाला, "न्हाई अव्वा. पत्र लिवा, मीच नेतो. दवाखान्यात कुनी इचारलं न्हाई. ह्यो अप्पाचा लेक हाय, ह्यो इचारंल." उद्या सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं निघणार आहोत.

म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा मी तुझ्या खोलीखाली, समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेली असेन. मी वर येत नाही. आले तर मी मधे उभी राहीन, आणि मग तू थांबलास तो माझ्यामुळे की तुझा तू, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. माझी नजर जिन्यावर आहे. डब्यात तिघांपुरत्या भाकरी आहेत, शेंगाची चटणी आहे, आणि डाळिंब सोलून आणलंय. बाळा, आता समोर बसलेल्या माणसाला तोंडाचा रुमाल सोडायला सांग. चेहरा तुझ्या ओळखीचा आहे, तरी अप्पा विचारायचे तसं एकदा विचार. आणि मग दोघं मिळून खाली या. कोयता पेपरात गुंडाळून आण. सोमवारी दुकानात नारळ सोलायला दुसरा नाही.

तुझीच, जिन्याकडे डोळे लावून बसलेली,
अव्वा